साताऱ्यात मुक्काम कुठं करावा? नाका, राजवाडा, यवतेश्वर आणि बाकीचं

फोनवर नकाशा उघडला की साताऱ्यात सगळंच जवळ दिसतं. पोवई नाक्यापासून राजवाडा साधारण दोन किलोमीटर, तिथून समर्थ मंदिर आणखी थोडं पुढं, डोक्यावर अजिंक्यतारा. मग वाटतं, एवढ्याशा गावात कुठंही उतरलं तरी काय फरक पडतो? फरक पडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे नकाशात न दिसणारा चढ. दुसरं म्हणजे या गावात पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक पश्चिमेला आणि राहायची सोय बहुतेक पूर्वेला. ही गाठ आधी समजली तर पुढचं ठरवणं सोपं जातं.

आधी गावाचा आकार

दक्षिणेला अजिंक्यतारा, आणि त्याच्या उत्तरेच्या उतारावर गाव पसरलेलं. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, हळूहळू किल्ल्याखाली पेठा वसत गेल्या आणि १८४८ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत ही राजधानी राहिली. त्यामुळं जुनं सातारा म्हणजे पेठा, तळी, हौद, वाडे आणि देवळं. हा सगळा पसारा मध्यापासून पश्चिमेकडं आहे. इंग्रजांची वस्ती मात्र पूर्वेच्या मोकळ्या जागेत, सदरबझारच्या बाजूला झाली. पुढं एसटी स्टँड, कलेक्टर कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल आणि हायवे हे सगळं याच अंगाला आलं, आणि त्यांच्या मागोमाग लॉज आणि हॉटेलं आली.

या दोन टोकांना जोडणारे मुख्य रस्ते दोन. डोंगराच्या बाजूचा तो राजपथ, म्हणजे गावाच्या तोंडी ‘वरचा रस्ता’. त्याच्याखालून जवळजवळ समांतर जाणारा कर्मवीर पथ, म्हणजे ‘खालचा रस्ता’. पत्ता विचारलात तर ‘खालच्या रस्त्यानं जावा, मग वर चढा’ असं उत्तर मिळेल, आणि ते अगदी शब्दशः घ्यायचं असतं. पूर्वेच्या टोकाला पोवई नाका. नुसतं ‘नाका’ म्हटलं की हाच. पश्चिमेकडं मोती चौक, राजवाडा, चांदणी चौक, समर्थ मंदिर आणि शेवटी बोगदा. बोगद्यातून पलीकडं गेलं की सज्जनगड आणि ठोसेघर. बोगद्याच्या अलीकडून, समर्थ मंदिराकडून चढणारा रस्ता यवतेश्वर घाटातून कासला जातो.

म्हणजे हायवेनं आलेला पाहुणा पूर्वेच्या दारातून गावात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी फिरायला पश्चिमेच्या दारातून बाहेर पडतो. मधे अख्खं गाव आडवं.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा

उद्या सकाळी पहिल्यांदा कुठं जायचंय? खोलीचं भाडं, टीव्ही, फोटोतली गादी हे सगळं नंतर.

कास, ठोसेघर, सज्जनगड यांपैकी काही असेल तर गावाच्या पश्चिम अर्ध्यात राहा. महाबळेश्वरला मेढ्यावरून जायचं असेल तर मोळाचा ओढा आणि शाहूपुरीची बाजू बरी, कारण मेढ्याचा रस्ता तिथूनच सुटतो. जिल्हा परिषद, कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिल किंवा सैनिक स्कूलमधलं काम असेल तर नाका, स्टँड किंवा सदरबझार. पहाटेची एसटी पकडायची असेल तर अर्थातच स्टँड. आणि गाव बघायचं असेल, निवांत, पायी, तर राजवाड्याच्या आसपास. आता एकेक भाग.

पोवई नाका, स्टँड, राधिका रोड

पहिल्यांदा येणाऱ्यांतले बरेचजण इथंच राहतात, आणि एका रात्रीपुरतं ते चूकही नाही. लॉज भरपूर, सगळ्या भाड्यांचे. रात्री उशिरापर्यंत काही ना काही खायला मिळतं. औषधाचं दुकान, एटीएम, रिक्षा हाताशी. स्वारगेटहून विनाथांबा एसटीनं आलात तर सामान घेऊन फार चालावं लागत नाही. शिवाजी महाराजांच्या नावाचं संग्रहालय स्टँडजवळच आहे. लंडनहून आलेली वाघनखं २०२४ च्या जुलैत याच संग्रहालयात मांडली होती.

तोटा आवाजाचा. नाक्यावर वाहतुकीसाठी जमिनीखालून ग्रेड सेपरेटर केलाय, तरी वरची वर्दळ आहेच. स्टँडच्या अगदी समोरची खोली मिळत असेल तर मागच्या बाजूची मागा, कारण एसटी पहाटेपासून हलायला लागतात. स्टँडसमोरचे अगदी स्वस्तातले लॉज कुटुंबाला घेऊन उतरण्याआधी आत जाऊन बघावेत. खोली दाखवा म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. जो नाही म्हणेल तिथं राहूच नका.

राजवाडा, मोती चौक आणि पेठा

माझं मत विचाराल तर सातारा पाहायला आलेल्यानं इथं जागा शोधावी, थोडी कमी सोयीची मिळाली तरी. कारण इथं गाडी लागत नाही. सकाळी उठून राजवाड्यासमोर या. याच राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तिथून मंगळवार तळं, काळा राम, गोरा राम, ढोल्या गणपती, फुटका तलाव असं गल्लीबोळांतून फिरत राहिलात तर दुपार कधी झाली कळत नाही. नीट क्रम लावायची गरज नाही. पेठा लहान आहेत, आणि चुकलात तरी उताराला लागलं की खालचा रस्ता सापडतोच.

अजिंक्यताऱ्यावर चढायचं असेल तर अदालत वाड्याच्या बाजूनं चढणारी पायवाट पुढं गाडीरस्त्याला मिळते. साताऱ्यातली बरीच माणसं रोज सकाळी हा किल्ला चढतात. उजाडताना त्यांच्यात सामील व्हायचं असेल तर नाक्यावरून रिक्षा शोधत बसण्यापेक्षा इथूनच चालायला लागणं बरं. वरून गाव, कृष्णेचं खोरं आणि पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर असं सगळं एका नजरेत येतं. मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी गेलात तर गावाचा नकाशा डोक्यात पक्का बसतो.

संध्याकाळी राजवाड्याजवळच्या गांधी मैदानाची चौपाटी. भेळ, पावभाजी, आइस्क्रीम, आणि निम्मं सातारा. मोती चौकात कंदी पेढा घ्या, पण घरी न्यायचा पेढा निघायच्या दिवशीच घ्यावा, आणि कधीचा आहे ते विचारून. खव्याचा पदार्थ आहे.

अडचणी दोन. पहिली, लॉज कमी; पेठांत जागा मुख्यतः राहत्या घरांची आहे. काही ठिकाणी घरगुती सोय असते, वरचा मजला किंवा वाड्यातल्या दोन खोल्या वगैरे, पण ती फोनवर बोलून आणि ओळखीतून मिळते. दुसरी अडचण गाडीची. चिमणपुरा, यादोगोपाळ, व्यंकटपुरा या पेठांतल्या काही गल्ल्यांत समोरून दुचाकी आली तरी थांबावं लागतं. चारचाकी असेल तर ‘पार्किंग आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. ‘आवारात आहे का रस्त्यावर?’ असं विचारा. रस्त्यावर म्हणाले तर सकाळी गाडी काढताना भाजीची गाडी, दुधवाला आणि शाळेची व्हॅन यांच्यातून वाट काढायची तयारी ठेवा.

आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणार असाल तर चढाचा विचार करा. राजपथाच्या वरच्या अंगाच्या पेठा थेट किल्ल्याच्या पायथ्याला भिडतात. त्यांच्यासाठी खालच्या रस्त्याच्या आसपासची जागा चांगली.

समर्थ मंदिर, बोगदा

गावाचं पश्चिम टोक. इथं मोठी हॉटेलं शोधू नका, पण कासच्या मोसमात या बाजूला राहणाऱ्याला मोठा फायदा होतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या नाक्यावरून गाव पार करून घाटाला लागतात, आणि नऊनंतर हा सगळा ताफा अरुंद रस्त्यात अडकतो. तुम्ही साडेसहा-सातला इथून निघालात तर यवतेश्वर मागं टाकून मोकळे. सज्जनगडालाही हीच बाजू.

कराड-कोल्हापूरकडून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हायवेला शेंद्र्याला आत वळलं की एक रस्ता गावाबाहेरून बोगद्याकडं येतो. पोवई नाक्याला जायची गरजच पडत नाही.

यवतेश्वर आणि कासचा रस्ता

घाट चढून वर गेलं की रिसॉर्ट आणि हॉटेलं सुरू होतात. रात्री खाली साताऱ्याचे दिवे दिसतात, हवा थंड, पावसाळ्यात ढग खिडकीत. दोघांना निवांत राहायचं असेल, गाडी स्वतःची असेल आणि गाव बघण्याची फार घाई नसेल, तर खुशाल राहा. पण याला ‘साताऱ्यात राहिलो’ म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. संध्याकाळी चौपाटीवर जावंसं वाटलं तर घाट उतरायचा आणि जेवून अंधारात, कदाचित धुक्यात, परत चढायचा. पावसाळ्यात या घाटात दरड येण्याचे प्रकार होतात. पेट्रोल, औषधं, रोख पैसे खालूनच घेऊन जा. एसटीवर अवलंबून असाल तर वर राहू नका.

कास पठार साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांतली गर्दी वाढतच गेली. फुलं साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, पावसाप्रमाणं मागंपुढं. प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन असतं. खोली घेण्याआधी ते करा. खोली मिळाली आणि पठाराची तारीख मिळाली नाही, तर यवतेश्वरचं चढं भाडं कशासाठी भरलं असा प्रश्न पडतो.

वासोट्याला जाणाऱ्यांनी मात्र सातारा आणि यवतेश्वर दोन्ही सोडून कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीच्या बाजूला राहावं. किल्ल्यावर मुक्कामाला बंदी आहे, जाऊन त्याच दिवशी परतायचं असतं. परवानगी, लाँच आणि जंगलातली चढण हे सगळं सकाळी लवकर सुरू केलं तरच जमतं. पावसाळ्यात वासोटा बंदच असतो.

सदरबझार, गोडोली, शाहूनगर

सदरबझार हा रुंद रस्त्यांचा, झाडांचा, शांत भाग. सैनिक स्कूल इथंच, १९६१ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. मुलाला भेटायला किंवा प्रवेशाच्या कामाला येणारे पालक आणि सिव्हिलला पेशंट असलेले नातेवाईक यांच्यासाठी हीच बाजू सोयीची. गोडोली आणि शाहूनगर अजिंक्यताऱ्याच्या पूर्व पायथ्याला. वस्ती राहत्या बंगल्यांची आणि अपार्टमेंटची. आठवडाभर मुक्काम असेल, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट हवा असेल, तर इथं शोधा. एका रात्रीसाठी नको.

हायवेलगतची हॉटेलं

वाढे फाटा ते बॉम्बे रेस्टॉरंट चौक आणि पुढं. पार्किंग ऐसपैस, खोल्या नव्या, जेवण जागेवर. गोवा-कोल्हापूरला जाताना रात्र काढायची असेल तर उत्तम. मुंबईहून ट्रॅव्हल्सनं येणाऱ्यांनाही या थांब्यांवरच उतरवतात, म्हणून अपरात्री पोचणाऱ्याला एखाद्या वेळी उपयोगी. सातारा बघायला आलेल्यानं इथं राहू नये. प्रत्येक वेळी गावात जायला-यायला रिक्षा लागेल, आणि रात्री ती सहज मिळेलच असं नाही.

रेल्वेनं येणार असाल तर

हा भाग बरेचजण विसरतात. सातारा रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला, कोरेगाव रस्त्याच्या अंगाला आहे, गावापासून सहा-सात किलोमीटर. कोयना एक्सप्रेसनं दिवसाउजेडी उतरलात तर काही अडत नाही. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी मात्र साताऱ्याला उजाडायच्या बरीच आधी पोचते. स्टेशनच्या बाहेर राहायची सोय धरून चालू नका. नाक्याजवळचं, रात्रपाळीला माणूस असलेलं हॉटेल घ्या आणि ‘पहाटे येतोय, दार उघडाल ना?’ हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. पहाटे आलात तर त्या रात्रीचंही भाडं लावतात की सकाळपासून धरतात, तेही.

माहुलीला राहायचं कारण नाही, पण जायचं जरूर. कृष्णा-वेण्णेचा संगम, दोन्ही काठांवरची देवळं, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी. परतीची गाडी दुपारची असेल तर स्टेशनला जाताना वाटेत थांबून बघता येतं.

नावांचे सापळे

साताऱ्यात सदाशिव पेठ, शनिवार पेठ, शुक्रवार पेठ, भवानी पेठ, मंगळवार पेठ असं सगळं आहे. पुण्यातही आहे. ॲपवर नुसतं पेठेचं नाव टाकून शोधलं तर पुण्यातली खोली समोर येते, आणि ‘सदाशिव पेठ’ वाचून माणूस खूश होऊन पैसे भरतो. शाहूपुरीचं तसंच, फक्त कोल्हापूरशी. कोल्हापूरची शाहूपुरी रेल्वे स्टेशनजवळची, हॉटेलांनी भरलेली. साताऱ्याची शाहूपुरी राहत्या लोकांची. पिनकोड ४१५ नं सुरू होतोय का, तेवढं बघा.

गावातल्या गावातही घोळ होतो. शाहूपुरी एका टोकाला, शाहूनगर दुसऱ्या टोकाला, शाहू स्टेडियम स्टँडजवळ आणि शाहू चौक राजपथावर. रिक्षावाल्याला ‘शाहू’ पुढचा शब्द स्पष्ट सांगा. भाडं बसायच्या आधी ठरवा.

तारीख बघून जागा बदला

गणपतीत, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, राजपथ आणि मोती चौक रात्रभर जागे असतात. मिरवणूक बघायला आलात तर तिथंच राहा, तान्हं मूल बरोबर असेल तर सदरबझार गाठा. दसऱ्याला जलमंदिर या राजघराण्याच्या वाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक निघून पोवई नाक्यावर शिवतीर्थापाशी येते. ती बघायची असेल तर वाहतूक वळवण्याआधी गाडी लावून पायी फिरा. हिल मॅरेथॉन यवतेश्वर घाटातून असते, बहुधा सप्टेंबरमध्ये, कासच्या ऐन मोसमात. त्या रविवारी सकाळी घाट इतर गाड्यांना बंद असतो आणि आदल्या रात्री गावात खोली मिळणं कठीण. तारीख ठरवण्याआधी मॅरेथॉनची तारीख बघाच.

आणखी एक, जे ॲपला कळत नाही: लग्नाच्या तिथी. दाट मुहूर्त असेल तर वऱ्हाडासाठी लॉजचे अख्खे मजले आधीच धरलेले असतात, आणि जी एखादी खोली उरते तिच्या शेजारी पहाटे चारला बँडवाले उठतात. पंचांग बघायला लाज वाटून घेऊ नका.

फोन करून काय विचारायचं

ॲपवर आवडलेली जागा ठरली की एकदा फोन लावाच. गरम पाणी दिवसभर का ठरावीक वेळेतच? खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? लाइट गेली तर जनरेटरवर काय चालतं, नुसता दिवा का पंखाही? पावसाळ्यात येणार असाल तर खोलीला उजेडाची खिडकी आहे का, कारण जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोलीतल्या गाद्यांना कुबट वास येतो. ओळखपत्र सगळ्यांचं लागतं, मोठ्यांपैकी एकाचंच नव्हे. चेकआउट बारा वाजता का चोवीस तासांचा हिशेब, हे ठिकाणागणिक बदलतं आणि भाड्याचा खरा फरक तिथं पडतो.

देवदर्शनाला म्हणून येणार असाल आणि साधेपणा चालत असेल, तर सज्जनगडावरच भक्तनिवासात राहता येतं. समर्थांची समाधी, पहाटेची काकडआरती, प्रसादाचं जेवण. दासनवमीच्या सुमारास मात्र माघात तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि रात्री गडाचा दरवाजा बंद होतो, तेव्हा ठोसेघरचा धबधबा बघून रेंगाळत येणार असाल तर अंधार पडायच्या आत वर पोचा.